स्क्रीनशॉट काढला, पण गेला कुठे? कॉम्प्युटरवर स्क्रीनशॉट काढून नीट सेव्ह कसा करायचा

प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. आवाज नाही, मेसेज नाही, स्क्रीन जशीच्या तशी. मग माणूस परत दाबतो, अजून दोन-तीनदा दाबतो, आणि शेवटी मोबाईल काढून सरळ स्क्रीनचाच फोटो घेतो. मला असे फोटो सतत येतात, तिरके, मधे पट्टे पट्टे उमटलेले, आणि सोबत प्रश्न असतो की हा एरर कसला आलाय जरा बघ ना. ते पट्टे मोबाईल साधा आहे म्हणून येत नाहीत बरं का, स्क्रीनच्या पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांवर नीट बसत नाहीत म्हणून येतात, त्यामुळे भारीतल्या भारी मोबाईलने काढला तरी ते येऊ शकतात आणि नेमका एरर कोडचा आकडाच वाचता येत नाही.

खरं म्हणजे पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हाच स्क्रीनशॉट निघाला होता. फक्त तो सेव्ह झाला नव्हता. काढणं आणि सेव्ह होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो.

साधं प्रिंट स्क्रीन दाबलं की चित्र क्लिपबोर्डवर जातं, म्हणजे आपण मजकूर कॉपी करतो तो जिथे जातो तिथेच. तिथून तुम्ही कुठेतरी कंट्रोल व्ही करून पेस्ट केलं तर ते दिसणार, आणि त्याआधी दुसरं काही कॉपी केलं तर चित्र गेलं. माझ्याबरोबर हे झालेलं आहे. एक ऑनलाइन फॉर्म भरला होता, फी भरली, पावतीचा नंबर स्क्रीनवर आला, मी प्रिंट स्क्रीन दाबलं आणि निश्चिंत झालो, मग मेलमधली एक लिंक कॉपी केली, आणि नंतर पेंटमध्ये पेस्ट करायला गेलो तर काहीच येईना, कारण क्लिपबोर्डवर आता ती लिंक होती. तोपर्यंत ते पान बंद झालेलं. त्या एका नंबरासाठी मला दोन आठवडे मेलामेली करावी लागली. तेव्हापासून स्क्रीनशॉट काढला की फाइल उघडून डोळ्याने बघितल्याशिवाय मी ते पान बंद करत नाही, आणि तुम्हीही करू नका.

या बटणाला प्रिंट स्क्रीन का म्हणतात तेही सांगतो, म्हणजे लक्षात राहील. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा शिफ्ट धरून हे बटण दाबलं की स्क्रीनवरचा मजकूर खरोखरच प्रिंटरवर छापून यायचा. नाव तेच राहिलं, काम बदललं.

आता विंडोजपासून सुरू करू. थेट फाइल हवी असेल तर विंडोजचं बटण धरून प्रिंट स्क्रीन दाबा. स्क्रीन क्षणभर मंद होते, तीच खूण, सेव्ह झालं. फाइल पिक्चर्स फोल्डरच्या आत स्क्रीनशॉट्स नावाच्या फोल्डरमध्ये जाते. ही सोय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे तरी कितीतरी जणांना माहीतच नाही. कोणाला फोनवरून समजावून सांगायचं असेल तर मी हीच पद्धत सांगतो कारण पुढे काही विचारत बसत नाही, दाबलं की झालं. लॅपटॉपवर प्रिंट स्क्रीन हे बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी बटणावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेव्हा त्याच्यासोबत एफएन पण धरावं लागतं, त्यामुळे काम होत नसेल तर आधी एफएन धरून बघा.

पूर्ण स्क्रीन नको, फक्त समोरची एक विंडो हवी असेल तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन. दोन मॉनिटर लावलेल्यांनी तर हेच वापरावं, नाहीतर दोन्ही मॉनिटर एकाच लांबलचक चित्रात येतात आणि बाजूच्या स्क्रीनवर उघडं असलेलं मेलचं पानही समोरच्याला जातं. हे मात्र क्लिपबोर्डवरच राहतं, पेस्ट करून सेव्ह करावं लागतं.

आणि रोजच्या वापरासाठी सगळ्यात कामाचं म्हणजे विंडोज, शिफ्ट आणि एस. तिन्ही एकत्र दाबले की सगळी स्क्रीन काळपट होते, माऊसच्या बाणाच्या जागी अधिकचं चिन्ह येतं, आणि वरती एक छोटी पट्टी येते ज्यात चौकोन, विंडो, पूर्ण स्क्रीन, हाताने आकार असे पर्याय असतात. हव्या त्या भागाच्या एका कोपऱ्यावर माऊस दाबून धरा, समोरच्या कोपऱ्यापर्यंत ओढा, सोडा. ओढताना जेवढा भाग निवडताय तेवढाच उजळ दिसतो, त्यामुळे काय येणार ते आधीच कळतं. थोडी मोकळी जागा ठेवून निवडा, अगदी अक्षरांना चिकटून कापलं की समोरच्याला कुठल्या प्रोग्रॅमचं काय आहे तेच कळत नाही. एररचा स्क्रीनशॉट असेल तर विंडोचं वरचं नाव आलंच पाहिजे.

सोडल्यावर कोपऱ्यात एक नोटिफिकेशन येतं. इथे विंडोज १० आणि ११ मध्ये फरक आहे तो नीट समजून घ्या. विंडोज १० मध्ये हे चित्र फक्त क्लिपबोर्डवर असतं, त्या नोटिफिकेशनवर क्लिक करून उघडून सेव्ह केलं तरच फाइल होते. विंडोज ११ मधलं स्निपिंग टूल, म्हणजे विंडोजचाच स्क्रीनशॉट काढायचा प्रोग्रॅम, मात्र मूळ चित्र आपोआप त्याच स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये टाकतं, सेटिंगमध्ये ते बंद केलेलं नसेल तर. पण आपोआप सेव्ह होतं ते मूळ चित्र हं. तुम्ही नंतर त्यावर लाल गोल केला, बाण काढला, एखादा नंबर झाकला, तर ते बदल कंट्रोल एस करून वेगळे सेव्ह करावे लागतात. घाईत लोक फोल्डरमधून पहिली दिसेल ती फाइल जोडतात आणि झाकलेला नंबर न झाकलेल्या रूपात पोचतो. पाठवायच्या आधी फाइल उघडून बघा, एवढंच.

विंडोज ११ मध्ये आता बऱ्याच कॉम्प्युटरवर नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तरी हीच निवडायची काळपट स्क्रीन येते. काहींना ते आवडत नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे प्रिंट स्क्रीनने स्क्रीन कॅप्चर उघडायचं की नाही याचं बटण आहे, ते बंद केलं की जुनी सवय परत.

क्लिपबोर्डवरचं चित्र गेलं असं वाटलं तरी एक आशा असते. विंडोज आणि व्ही दाबा. २०१८ पासून विंडोज १० मध्ये आणि अर्थात ११ मध्येही क्लिपबोर्डची हिस्टरी ठेवायची सोय आहे, शेवटच्या २५ गोष्टी त्यात राहतात, चित्रंसुद्धा. पण ती आधी चालू केलेली असली पाहिजे, आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की पिन केलेल्या सोडून बाकी सगळं जातं. आत्ता हे वाचताय तर आत्ताच विंडोज व्ही दाबून चालू करून ठेवा, पाच सेकंदाचं काम आहे. मला तेव्हा हे माहीत असतं तर ते दोन आठवडे वाचले असते. फक्त कॉम्प्युटर दुसरे पण वापरत असतील तर कॉपी केलेले पासवर्डही तिथे दिसू शकतात हे ध्यानात असू द्या.

मॅकवाल्यांचं सोपं आहे. कमांड, शिफ्ट आणि ३ म्हणजे पूर्ण स्क्रीन, कमांड, शिफ्ट आणि ४ म्हणजे हवा तेवढा भाग, आणि ४ दाबल्यावर स्पेसबार दाबला की कॅमेऱ्याचं चिन्ह येतं, मग ज्या विंडोवर क्लिक कराल तेवढीच विंडो येते. तिच्याभोवती राखाडी सावली येते, ती नको असेल तर क्लिक करताना ऑप्शन धरा. इथे विंडोजच्या उलट आहे, फाइल आपोआप डेस्कटॉपवर पडते, आणि क्लिपबोर्डवर हवं असेल तर सोबत कंट्रोल पण धरायचं. २०१८ च्या मोजावे या मॅकच्या आवृत्तीपासून कमांड, शिफ्ट आणि ५ ने एक पट्टी उघडते, त्यातल्या ऑप्शन्समध्ये कुठे सेव्ह करायचं ते निवडता येतं, टायमर लावता येतो, माऊसचा बाण दाखवायचा की नाही ते ठरवता येतं. स्क्रीनशॉट काढल्यावर खाली उजवीकडे छोटं चित्र तरंगत राहतं, ते असेपर्यंत फाइल डेस्कटॉपवर दिसत नाही म्हणून लोक घाबरतात. थोडं थांबा किंवा ते चित्र उजवीकडे सरकवा, फाइल येते.

लिनक्सवर ग्नोम नावाचा डेस्कटॉप असेल तर त्याच्या २०२२ च्या ४२ व्या आवृत्तीपासून प्रिंट स्क्रीन दाबलं की निवडायची चौकट येते आणि फाइल पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्समध्ये जाते. केडीई हा दुसरा डेस्कटॉप असेल तर त्याचा स्क्रीनशॉटचा प्रोग्रॅम स्पेक्टॅकल, तो पण छान आहे.

आता अडचणीच्या जागा. मेनू उघडलेला दाखवायचाय, पण शॉर्टकट दाबला की मेनू बंद होतो असं कधी कधी होतं. अशा वेळी टायमर. स्निपिंग टूल उघडून ३, ५ किंवा १० सेकंदाचा उशीर लावा, तेवढ्या वेळात जाऊन मेनू उघडून ठेवा, मग स्क्रीन गोठते आणि निवडता येतं. मी नेहमी ५ लावतो, ३ मध्ये धांदल होते.

लांब वेबपेज पूर्ण हवं असेल तर तुकडे तुकडे काढून जोडत बसू नका. फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून टेक स्क्रीनशॉट निवडा, तिथेच पूर्ण पान सेव्ह करायचा पर्याय आहे. एजमध्ये कंट्रोल शिफ्ट एस. क्रोममध्ये जरा आत जावं लागतं, कंट्रोल शिफ्ट आय, मग कंट्रोल शिफ्ट पी, आणि जी ओळ येते तिथे स्क्रीनशॉट असं इंग्रजीत टाइप केलं की फुल साइजचा पर्याय दिसतो. आधी पान खालपर्यंत एकदा स्क्रोल करून घ्या, कारण बऱ्याच साइटवर खालची चित्रं तिथे पोचल्याशिवाय लोडच होत नाहीत आणि मग रिकामे चौकोन येतात.

सिनेमा बघायच्या साइटवर स्क्रीनशॉट काढला आणि व्हिडिओच्या जागी नुसतं काळं आलं तर कॉम्प्युटर बिघडलेला नाही, तो व्हिडिओ कॉपी होऊ नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं.

सेव्ह करताना पीएनजी की जेपीईजी विचारलं तर पीएनजी. डोळे झाकून. जेपीईजी हा फोटोंसाठी बनलेला प्रकार आहे, फाइल लहान करायला तो बारीक तपशील टाकून देतो, आणि स्क्रीनशॉटमध्ये तर सगळी बारीक अक्षरंच असतात. झूम करून बघा, अक्षरांच्या कडेने मळकट ठिपके दिसतील. पीएनजी काहीच टाकत नाही.

नावाचं पण बघा जरा. स्क्रीनशॉट कंसात ४७ या नावाची फाइल तीन महिन्यांनी सापडत नाही. मी तारीख आणि दोन शब्द टाकतो, २०२५-०३-१२ फी पावती असं, वर्ष आधी टाकलं की फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. आणि विंडोजवर फोल्डरच कुठे दिसत नसेल तर बहुतेक वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीच्या फोल्डरच्या, आतल्या पिक्चर्समध्ये असतो, तिथे बघा. फोल्डर दुसरीकडे हलवायचा असेल तर त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह.

शेवटचं, आणि हे मनापासून सांगतो, माहिती झाकायची कशी. खाते नंबर, मेल आयडी, पत्ता झाकायचा असेल तर पूर्ण काळा भरीव चौकोन टाका. हायलायटर फिरवून काळं करू नका, तो पारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचं वाचता येतं. धूसर केलेले आकडेही कधी कधी परत ओळखता येतात. वर्डमध्ये चित्र टाकून त्यावर चौकोन ठेवणं तर अजिबात नको, समोरचा तो चौकोन माऊसने बाजूला सरकवू शकतो, आणि वर्डमध्ये क्रॉप केलेला भागसुद्धा फाइलमध्ये तसाच असतो. २०२३ च्या मार्चमध्ये तर विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणि विंडोज १० च्या स्निप अँड स्केचमध्येच असा दोष सापडला होता, सेव्ह केलेलं चित्र क्रॉप करून त्याच फाइलवर परत सेव्ह केलं की कापलेल्या भागाचा डेटा फाइलच्या शेवटी शिल्लक राहायचा आणि त्यातून काही भाग परत मिळवता यायचा. मायक्रोसॉफ्टने लगेच अपडेट दिलं, पण त्याआधी तशा सेव्ह केलेल्या फाइली आपोआप दुरुस्त झाल्या नाहीत. म्हणून महत्त्वाचं काही कापलं किंवा झाकलं असेल तर माझी पद्धत अशी की ते झाकलेलं चित्र स्क्रीनवर उघडायचं, विंडोज शिफ्ट एसने त्याचाच नवीन स्क्रीनशॉट काढायचा, आणि तो पाठवायचा. नव्या फाइलमध्ये खाली काही दडलेलं राहायचा प्रश्नच येत नाही, कारण तिने फक्त स्क्रीनवर दिसलं तेवढंच घेतलेलं असतं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर पीएनजीची सगळी मेहनत तिथे वाया जाते आणि समोरून परत मेसेज येतो की अक्षरं दिसत नाहीयेत.