रात्री मॉथ बघायला बसायच्या आधी काय काय हाताशी पाहिजे

मॉथिंग, म्हणजे रात्री मॉथ (पतंग) शोधून बघणं आणि त्यांचे फोटो काढणं, सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न लेन्स कुठली घेऊ हाच असतो, पण माझ्या मते लेन्सचा नंबर बराच खाली लागतो. आधी दाराबाहेरचा दिवा. जो काही बल्ब रोज लागतो त्याच्या आजूबाजूची भिंत अंधार पडल्यावर एकदा आणि सकाळी उठल्या उठल्या परत एकदा नीट बघायची सवय लागली की अर्धी तयारी झाली, कारण जगात पतंगांच्या दीड लाखाच्या वर प्रजातींची नोंद आहे आणि फुलपाखरं मात्र साधारण अठरा हजार, त्यामुळे साध्या भिंतीवर पण तुम्ही आधी कधीच न बघितलेलं काहीतरी बसलेलं असतंच. नुसत्या मोबाईलवर एखादा सीझन असा काढला की आपल्याला नक्की काय कमी पडतंय ते आपोआप कळतं, मग खरेदी करा.

आता मुद्दाम चादर बांधून, तिच्यावर दिवा सोडून मॉथची वाट बघत बसायचं असेल तर आधी कॅलेंडर बघा. अमावास्येच्या आसपासचे दिवस बेस्ट, चांदणं जितकं जास्त तितके दिव्यावर मॉथ कमी. त्यात उकडतंय, हवा दमट आहे, ढग आहेत आणि वारा पडलाय असं सगळं जुळून आलं तर बाकीची कामं बाजूला ठेवायची. पाऊस भुरभुर असला तरी चालतो पण वारा नको, वाऱ्यात चादर फडफडते आणि एकही मॉथ धड बसत नाही.

दिव्याचं म्हणाल तर जुने लोक १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब वापरायचे, अजूनही वापरतात, पण पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराप्रमाणे हे दिवे २०२० पासून बंद व्हायला लागलेत, शिवाय तो इतका तापतो की पावसाचा एक थेंब पडला तरी काच तडकू शकते. त्यापेक्षा यूव्ही (अतिनील) एलईडी बरी, पॉवर बँकवर चालणारी पट्टी मिळते, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरवाली बघून घ्या. मात्र यूव्ही अडवणारा चष्मा हवाच, कारण आपण तासन्‌तास त्या उजेडाकडे तोंड करून बसणार असतो. चादर पांढरी सुती, उभी ताणून बांधायची आणि खालचं टोक जमिनीवर फूटभर पसरून ठेवायचं. हे कशासाठी तर मॉथ दिव्याकडे ओढले जात नसून उडताना पाठ उजेडाकडे ठेवायचा प्रयत्न करतात आणि त्यात गोंधळून फिरत राहतात असं २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दाखवलंय, आणि दिव्याच्या वरून जाताना तर ते उलटे होऊन खाली पडतात. म्हणून खाली पसरलेल्या कापडावर आणि आजूबाजूच्या गवतात पण बरेच सापडतात, पाऊल टाकताना आधी टॉर्च मारा.

अंगावर मळखाऊ रंगाचे फुल बाह्यांचे कपडे (पांढरा शर्ट घातलात तर तुम्हीच चादर), डोक्यावर टोपी, कानात कापूस, हसू नका, कानात किडा गेल्यावर कळेल. पायात बंद बूट, कारण किडे खायला बेडूक येतात आणि बेडकांच्या मागे साप येऊ शकतो. हेडलँप लाल उजेडाचा. मच्छरांसाठी अंगाला लावायचं क्रीम घ्या पण चादरीजवळ कॉईल किंवा स्प्रे अजिबात नको, आपण किडे बोलावतोय ना. आणि एक महत्त्वाचं, काळा-नारिंगी पट्ट्यांचा मुंगीसारखा लांबट बारीक भुंगेरा हमखास दिव्यावर येतो, रोव्ह बीटल, तो मानेवर बसला तर चापट मारायची नाही, फुंकर मारून उडवायचा, चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. चुकून चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. केसाळ सुरवंट आणि केसाळ मॉथ दिसले तर त्यांना पण हात नको.

कॅमेऱ्यात सगळ्यात आधी घड्याळ तपासा!! बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की तारीख बदललेली असते आणि पतंगाच्या नोंदीत तारीख म्हणजे निम्मी माहिती. कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर मोबाईलवर नकाशा उघडून त्या स्क्रीनचाच एक फोटो काढून ठेवायचा, काम झालं. लेन्स ९० किंवा १०० एमएमची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) असेल तर उत्तम, फ्लॅश आणि त्याच्यावर उजेड पसरवणारा मोठा डिफ्यूजर, नुसत्या फ्लॅशने पंखांवरचे खवले चमकून नक्षी मरते. ॲपर्चर एफ ८ ते एफ ११ ठेवला की पंख आणि डोकं दोन्ही बऱ्यापैकी फोकसमध्ये राहतात. पांढऱ्या चादरीमुळे कॅमेरा फसतो आणि मॉथ काळपट येतो तेव्हा एक्स्पोजर थोडं वर घ्यायचं. मोबाईलवाल्यांनी अगदी नाकाला नाक लावू नये, स्वतःचीच सावली पडते, जरा मागे येऊन दोन पट झूमवर काढा आणि फोकस बोटाने लॉक करा. यूव्हीच्या उजेडात सगळं जांभळं येतं म्हणून फोटोपुरता टॉर्चचा साधा पांढरा उजेड बाजूने मारायला एक माणूस बरोबर असला तर फार सोपं जातं.

पण खरी तयारी डोक्यात करायची असते, ती म्हणजे ओळख पटवायला कुठला फोटो लागतो ही. लोक अँगल लावून डोळ्यांचा क्लोजअप काढतात, लाईक्स मिळतात, पण नाव विचारलं की सगळे गप्प. पहिला फोटो कायम बरोबर वरून, दोन्ही पुढचे पंख पूर्ण दिसतील असा. मग बाजूने, मग चेहरा आणि मिशा (अँटेना), कारण नराच्या मिशा बरेचदा पिसासारख्या आणि मादीच्या बारीक असतात. मागचे पंख दिसले तर सोडू नका, आणि काचेच्या खिडकीवर बसलेला असेल तर आतल्या बाजूने पोटाकडचा फोटो फुकटात मिळतो. जवळ एक छोटी मिलिमीटर पट्टी धरा. बसलेल्या मॉथचा पंखविस्तार मोजता येत नाही पण पुढच्या पंखाची लांबी मोजता येते, तीच लिहायची. कलाकारी हे सगळं झाल्यावर.

आणि घाई कधी करायची ते पण माहीत पाहिजे. हॉक मॉथ बसलाय, एकदम शांत, आणि अचानक पंख बारीक थरथरायला लागले, आधी टोकं, मग सगळं अंग, तर समजायचं तो स्नायू गरम करतोय आणि थोड्याच वेळात उडणार, सेटिंग बदलत बसू नका. बसायची पद्धत स्वतःच एक ओळख आहे. हॉक मॉथ लढाऊ विमानासारखा पंख मागे ओढून बसतो, जिओमेट्रिडी कुळातले बरेचसे चारही पंख भिंतीला चिकटवून सपाट, प्लूम मॉथ म्हणजे सरळ इंग्रजी टी, आणि क्रॅम्बिडी कुळातल्या बऱ्याच जणांना पुढे सोंडेसारखं टोक असतं. एवढं आलं तरी हजारो नावांतून शोधायचं काम एका कोपऱ्यावर येतं.

नाव लावताना आयनॅचरलिस्टसारख्या, फोटोवरून ओळख सांगणाऱ्या ॲपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून घेऊ नका, तिथे तुमच्या भागातल्या नोंदी आहेत का ते बघा, पुढच्या पंखावरच्या आडव्या रेषा आणि मधला ठिपका जुळतो का ते बघा, नाही जुळलं तर वंशापर्यंत (जीनस) किंवा कुळापर्यंत लिहून थांबा. कितीतरी मॉथ असे आहेत की जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय तज्ज्ञ पण सांगू शकत नाहीत, तिथे आपण फोटोवरून ठामपणे नाव ठोकणं म्हणजे दुसऱ्याच्या नोंदी पण बिघडवणं. कुठल्या झाडावर दिसला, किती वाजता, उजेडावर की असाच, हे त्याच रात्री लिहा, सकाळी आठवत नाही.

पकडून डबीत ठेवायचा मोह होतो, विशेषतः भलामोठा ॲटलास मॉथ आला की. पण त्याला खायला चालणारं तोंडच नसतं, कोषातून बाहेर आल्यावर जेमतेम आठवडाभराचं आयुष्य आणि त्यात जोडीदार शोधायचा, त्याची एक रात्र डबीत घालवणं मला तरी पटत नाही. जागा दुसऱ्याची असेल तर आधी विचारा, संरक्षित जंगल असेल तर परवानगी काढा, आणि एकाच जागी रोज रोज दिवा लावू नका. उजाडायच्या बऱ्याच आधी दिवा बंद, नाहीतर पक्ष्यांना पंगत मांडून दिल्यासारखं होतं. मग चादर हळूच झुडपाजवळ नेऊन झटकायची, घड्यांमध्ये कोणी राहिलंय का बघायचं, कोणी अंडी घातली असतील तर तेवढा भाग न चोळता ठेवायचा, आणि बॅटऱ्या लगेच चार्जिंगला लावायच्या.