ओला स्वॅब पाकिटात घालू नका: जैविक पुराव्याच्या इंटर्नशिपची तयारी

छत्रपती संभाजीनगरात शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) संस्था आहे, प्रादेशिक प्रयोगशाळाही आहे. त्यामुळे बीड-परभणीकडचे विद्यार्थी इंटर्नशिपसाठी आधी इकडेच चौकशी करतात. खऱ्या गुन्ह्याचा मुद्देमाल हातात मिळेल, या आशेवर मात्र राहू नका. त्याला तपास अधिकारी आणि तज्ज्ञांखेरीज कुणी हात लावायचा नसतो. तुमचं काम बनावट घटनास्थळावर चालणार, आणि संशोधनासाठी तेवढं पुरतं.

हिपॅटायटिस-बीची लस आधीच सुरू करा. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे उन्हाळ्यात काम करायचं तर दिवाळीच्या आसपास पहिला डोस झालेला बरा. माणसाचं रक्त वापरणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो. खाटिकाकडून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत घेतलेलं बकऱ्याचं रक्त डाग उचलण्याच्या सरावाला चालतं. माणसाच्या डीएनए किटमध्ये मात्र त्यातून काही निघणार नाही, हे प्रकल्प लिहितानाच ध्यानात घ्या.

सुती कापड, फरशी, ज्वारीचं धाट आणि काळी माती अशा चार पृष्ठभागांवर प्रत्येकी ५० मायक्रोलिटर रक्त टाका आणि पूर्ण सुकू द्या. फरशीवरचा सुका डाग दोन स्वॅबनी, म्हणजे टोकाला कापूस लावलेल्या काड्यांनी, उचलतात. पहिल्यावर निर्जंतुक पाण्याचा थेंब टाकून तो डागावर गोल फिरवायचा, मग त्याच जागी कोरडा. पहिल्याने सुटलेलं दुसरा टिपून घेतो. स्वॅब चिंब भिजवला तर रक्त पसरतं, पातळ होतं आणि कापसात खोल जाऊन बसतं. डागाशेजारच्या स्वच्छ जागेचाही एक नियंत्रण स्वॅब घ्या. विद्यार्थी हाच विसरतात, आणि तो नसेल तर मिळालेला निकाल डागाचा की फरशीचा, हे सांगता येत नाही. प्रत्येक नमुन्याला हातमोजे बदला.

मातीवर स्वॅब फिरवू नका. डागाची माती खरवडून घ्या, थोड्या अंतरावरची कोरी माती वेगळी घ्या. सुपीक मातीतली ह्युमिक आम्लं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवतात, शिवाय मातीतले जिवाणू डीएनए खातात. कापड असेल तर डागाचा भाग कापून घेणं स्वॅबपेक्षा चांगलं. अख्खं कापड पाठवायचं तर घड्यांमध्ये कोरा कागद घाला, नाहीतर डागाची छाप दुसरीकडे उमटते.

आता सुकवणं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात स्वॅब उभे रोवा, टोक वर. ऊन नको, हेअर ड्रायर नको. सावलीत, खोलीच्या तापमानाला सुकवा. मे महिन्यात पटकन सुकणारा स्वॅब श्रावणात अर्धा दिवस दमट राहतो, आणि असा स्वॅब प्लास्टिकच्या पिशवीत गेला की बुरशी धरते. संशोधनाचा प्रश्न हवा असेल तर इथेच आहे: दर अर्ध्या तासाला वजन घ्या, लागोपाठ तीन नोंदी सारख्या आल्या की सुकला समजा. खोलीची आर्द्रताही शेजारी लिहा. मग कागदी पाकीट, त्यावर क्रमांक, तारीख, वेळ, जागा आणि सही. पाकीट जिभेने चिकटवू नका, तुमचाच डीएनए त्यावर जातो. आणि ते स्कूटीच्या डिकीत ठेवून दुपारी फिरू नका.

डाग रक्ताचा असू शकतो का, हे केस्टल-मेयर चाचणीत रंगावरून कळतं. तिच्यासाठी अख्खा नमुना खर्च करू नका, फिल्टर पेपरचं टोक डागाला घासा. अल्कोहोलचा थेंब, मग अभिकर्मकाचा (चाचणीच्या रसायनाचा). याच टप्प्यावर गुलाबी झालं तर पुढे जाऊ नका, तो ऑक्सिडीकारक पदार्थाचा खोटा होकार असू शकतो. नंतर हायड्रोजन पेरॉक्साइड. काही सेकंदांत गुलाबी रंग आला तरच रक्ताची शक्यता; मिनिटभराने आला तर मोजू नका, कारण हवेनेही तो येतो. मुळा, बटाटा आणि गंजही फसवतात. रोज काम सुरू करताना एकदा माहीत असलेलं रक्त आणि एकदा कोरा कागद तपासा.

पानाची पिंक रक्तासारखी दिसते म्हणून टाकून देऊ नका. तिच्यात थुंकणाऱ्याची लाळ असते. तिचाही एक नमुना मालिकेत घ्या.

सरावाच्या पाकिटांनाही लाखेचं सील लावा, सीलचा नमुना सोबत जोडा आणि कुणाकडून कुणाकडे केव्हा गेलं याची नोंदवही ठेवा. खऱ्या खटल्यात उशिरा आलेल्या सीए रिपोर्टवर (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) कोर्टात प्रश्न विचारले जातात तेव्हा अशीच नोंद मागितली जाते.