जुनी एमजी, ट्रायम्फ किंवा लोटस चालवताय? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

1950 आणि 60 च्या दशकांतल्या छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या गॅरेजमध्ये येतात तेव्हा मालकाची तक्रार ठरलेली असते: हॉर्न वाजत नाही, हँडब्रेक धरत नाही, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी जादा गिअर-यंत्रणा) लागत नाही. यातल्या बऱ्याच गाड्या धडधाकट असतात. त्यांची बटणं आणि दांडे आपल्या सवयीच्या जागी नसतात, किंवा उलट्या पद्धतीने चालतात, एवढंच. भाग बदलण्याआधी इंजिन बंद ठेवून सीटवर बसा आणि प्रत्येक गोष्टीवर एकदा हात फिरवा.

सगळ्यात धोकादायक चूक हँडब्रेकची. एमजीच्या टी मालिकेतल्या गाड्या, 1955 ते 1962 या काळातली एमजीए, ट्रायम्फ टीआर 2 आणि टीआर 3 यांत ‘फ्लाय-ऑफ’ हँडब्रेक असतो. नेहमीच्या हँडब्रेकचा दांडा ओढला की दात्यांवर अडकतो आणि बटण दाबल्यावर सुटतो. इथे सगळं उलटं. दांडा ओढायचा, ओढलेला असतानाच टोकाचं बटण दाबायचं, तेव्हा खटका दात्यात बसतो. सोडताना बटणाला हातही लावायचा नाही. दांडा किंचित मागे ओढून सोडून द्या, तो आपसूक पुढे जातो. गाडी झटकन निघावी यासाठी केलेली ही रचना आहे आणि हाताला एकदा सवय झाली की फार सुरेख वाटते.

सवय होईपर्यंत मात्र चढावर गाडी लावताना बटण दाबायचं राहतं आणि गाडी मागे सरकते. सोडताना लोक बटण दाबून दांडा जोराने खाली रेटतात. असं वारंवार झालं की खटक्याची आणि दात्यांची धार जाते, आणि मग नीट लावलेला ब्रेकही भरवशाचा राहत नाही. शेजारी बसलेल्याने सहज दांडा ओढला तरी ब्रेक सुटतो, हेही लक्षात असू द्या. म्हणून उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. ब्रेक धरतच नसेल तर थेट केबल ताणू नका. आधी मागच्या ड्रममधले ब्रेक शू सेट करा, केबलची पाळी त्यानंतर. एमजीएनंतर आलेल्या एमजीबीत नेहमीचा हँडब्रेक आहे, त्यामुळे ज्यांच्याकडे दोन्ही गाड्या आहेत त्यांनी जास्त सांभाळावं.

एमजीएचा हॉर्न स्टिअरिंगवर शोधू नका, त्याचं बटण डॅशबोर्डच्या मधोमध आहे. इंडिकेटरचा खटकाही डॅशबोर्डवरच आहे, आणि तो स्टिअरिंग सरळ केल्यावर नव्हे तर ठरावीक वेळाने बंद होतो, कारण आत हवेच्या दाबावर चालणारी वेळ-यंत्रणा आहे. मोठं वळण पुरं व्हायच्या आत इंडिकेटर बंद झाला तर वायरिंग उचकटू नका, या स्विचमधून हवा लवकर निसटत असण्याची शक्यता जास्त. स्टार्टरला किल्ली नाही, ओढायची मूठ आहे, आणि चोकचीही तशीच मूठ आहे. स्टार्टरची मूठ घाबरत अर्धवट ओढली तर स्विचचे पॉइंट जळतात. ठाम ओढा, इंजिन लागताच सोडा. हेडलाइटच्या डिपरचं बटण पायाशी आहे. जुनी अ‍ॅम्बॅसडर चालवलेल्यांना हे सांगावं लागत नाही. ती मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, म्हणजे एमजीच्याच घराण्यातली. बाकीच्यांनी डावा पाय त्या बटणावर टेकवून ठेवू नये.

ओव्हरड्राइव्हच्या स्विचने तर एमजीबीत जागाच बदलत नेली: आधी डॅशबोर्डवर, मग स्टिअरिंगजवळच्या दांडीवर, 1977 च्या मॉडेलपासून गिअरच्या मुठीत. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या गाडीचं मॅन्युअल उघडून बसू नका. ओव्हरड्राइव्ह फक्त वरच्या गिअरमध्ये लागतो, पहिल्या-दुसऱ्यात तपासून काही कळणार नाही. लागत नसेल तर आधी गिअरबॉक्सचं ऑइल बघा, कारण दोघांना एकच ऑइल पुरतं. मग वायर आणि अर्थिंग, मग गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच, म्हणजे चुकीच्या गिअरमध्ये ओव्हरड्राइव्ह लागू न देणारा. या क्रमाने न जाता गिअरबॉक्स उतरवायला निघालात तर एमजीबीत इंजिनही सोबत बाहेर काढावं लागतं, म्हणजे सैल वायरीपायी कितीतरी मेहनत. आणि काही लोक तो इनहिबिटर स्विच वगळून वायर थेट जोडून टाकतात. कृपा करून हे करू नका. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना रिव्हर्स टाकला तर आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच मोडू शकतो, आणि तो स्विच त्याच्याच बचावासाठी आहे.

1962 मध्ये आलेल्या लोटस इलानच्या सुरुवातीच्या गाड्यांत हँडब्रेक डॅशबोर्डखाली, छत्रीच्या मुठीसारखा. ओढून लावायचा, पिळून सोडायचा. न पिळता ढकलाल तर हलणार नाही. तिचे हेडलाइट इंजिनच्या व्हॅक्यूमवर वर-खाली होतात. ते आळसावले की लोक दिवे हलवणारे महागडे व्हॅक्यूम डबे मागवतात. आधी रबरी नळ्या तपासा. त्या ठीक असतील तर चॅसिसचा पुढचा आडवा भाग बघा, कारण व्हॅक्यूमची टाकी तोच आहे. तिथे गंजून बारीक भोक पडलं असेल तर नव्या डब्यांनी दिवे सुधारत नाहीत, आणि त्याच पोलादावर पुढचं सस्पेन्शन टेकलेलं असल्याने गाडी रस्त्यावर काढण्याआधी चॅसिसचीच दुरुस्ती करून घ्यावी लागते.