एव्हीडी तयार होतो, पण सुरूच होत नाही: माझा अनुभव

धाकट्या भावाच्या विंडोज लॅपटॉपवर अँड्रॉइड स्टुडिओत (अँड्रॉइड ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) एव्हीडी, म्हणजे ॲप तपासायचा आभासी फोन (अँड्रॉइड व्हर्च्युअल डिव्हाइस), बनत होता, पण प्ले दाबलं की तो चालवणारा एम्युलेटर क्षणात बंद. शोधलं की सगळे सांगतात, बायॉसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे असं आभासी उपकरण चालवायची प्रोसेसरची सोय, चालू करा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर सीपीयूखाली ते 'एनेबल्ड' दिसत होतं, म्हणजे तो विषय संपला. डिस्कवर जागाही भरपूर होती.

मग टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) एम्युलेटर चालवला. (हे आधी करावं, स्टुडिओच्या छोट्या खिडकीत खरं कारण क्वचितच दिसतं.) तिथे फोल्डरच्या पत्त्यात नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! भावाने विंडोजचं युजरनेम देवनागरीत ठेवलेलं. एव्हीडीच्या फायली एरवी युजर फोल्डरमधल्या 'डॉट अँड्रॉइड'मध्ये जातात, आणि पत्त्यात इंग्रजीबाहेरची अक्षरं आली की एम्युलेटर अडखळू शकतो.

सेटिंग्जमधून खात्याचं नाव बदलून उपयोग नाही. फोल्डरचं नाव जुनंच राहतं. म्हणून सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचं, मध्ये स्पेस नसलेलं फोल्डर केलं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये (प्रोग्रॅम जिथून असे पत्ते वाचतात, त्या विंडोजच्या यादीत) अँड्रॉइड, एव्हीडी, होम हे तीन शब्द कॅपिटल अक्षरांत, अंडरस्कोरने जोडून नवं व्हेरिएबल टाकलं आणि त्याला हा पत्ता दिला. एसडीके (ॲप बनवायच्या साधनांचा संच) हाही युजर फोल्डरमध्येच होता, तोही बाहेर हलवून स्टुडिओत नवी जागा दाखवली.

स्टुडिओ पूर्ण बंद करून उघडायचा, नाहीतर नवं व्हेरिएबल त्याला दिसत नाही. जुना एव्हीडी ठेवायचा असेल तर त्याच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलमधला पाथ, म्हणजे पत्ताही बदलावा लागतो. मी तो सरळ उडवला आणि नवा केला. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ घेतला, पण चालला.