जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं मशीन) सकाळी चालू होत नाही? दोरी ओढत बसण्याआधी या चुका टाळा

आमच्या मालवणात थंडी ती कितीशी पडणार, पण मशीन थंड पडायला बाहेर थंडी लागत नाही, रात्रभर उभं राहिलं तरी झालंच. आणि १ जूनला होडी वर ओढून मशीन पडवीत ठेवलं असेल आणि नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावरच बाहेर काढलं असेल तर मग विचारूच नका, पहिल्या दिवशी अख्ख्या किनाऱ्यावर दोऱ्या ओढायचे आवाज. मी बोलतोय ते जुन्या टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवाल्या, हाताने ओढायच्या मशीनबद्दल.

पहिली चूक माझीच सांगतो. एकदा पाऊण तास दोरी ओढली, हाताला फोड आले, प्लग बदलला, कार्बोरेटर खोलायला पाना काढला तेवढ्यात शेजारचे काका आले आणि लांबूनच म्हणाले, "रे, टाकीचो वारो सोडलंस काय?" टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद होता. तो बंद असला की आतलं पेट्रोल ओढलं जात नाही, हातपंप (टाकीच्या पाइपमधला रबरी फुगा) दाबला की चपटा होऊन तसाच राहतो. म्हणून आधी हा स्क्रू, मग किल स्विचची (मशीन बंद करायच्या बटणाची) लाल दोरीवाली क्लिप नीट बसलीय का, गिअर न्यूट्रलला आहे का, एवढं बघा. हसू नका, निम्म्या वेळा इथेच सापडतं.

हातपंपाचं पण असंच, लोक चार वेळा दाबतात आणि सोडून देतात. तो कडक होईपर्यंत दाबायचा, बाण इंजिनाकडे आणि बाणाचं तोंड वर धरून, कारण आतले व्हॉल्व्ह तसेच नीट बसतात. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठूनतरी हवा घुसतेय, बहुतेक वेळा पाइपच्या कनेक्टरमधली ओ-रिंग गेलेली असते. पंप कडक आणि तरी कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकतंय तर आतली पेट्रोल अडवणारी सुई अडकलीय.

आता चोक. चोक ओढून दोन-तीन झटके द्या, मशीन जरासं खोकलं की चोक अर्धा आत ढकला. खोकल्यावरही चोक पूर्ण ओढलेला ठेवून दहा-दहा झटके मारले की मशीन पेट्रोल पिऊन बसतं आणि मग काही केल्या पेटत नाही. अशा वेळी चोक आत, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लग काढून सुकवा, किल क्लिप काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि प्लगशिवायच पाच-सहा झटके देऊन आतलं पेट्रोल बाहेर काढा. आणि उलटा प्रकार, गरम मशीन एका झटक्यात चालू होतं पण सकाळी हट्ट करतं, तर कव्हर काढून चोकची झडप डोळ्यांनी बघा. बाहेरचा खटका पूर्ण येतो पण सांधा सरकलेला असतो आणि आत झडप अर्धीच मिटते. कार्बोरेटर विनाकारण खोलला जातो.

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती प्लग देतो. दहा झटक्यांत झालं नाही तर थांबा आणि प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी तपासा. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. कोरडा निघाला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल मिसळलेलं पेट्रोल सोडा, प्लग लावून ओढा, दोन सेकंद चालून बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) ठीक आहे, भानगड टाकी ते कार्बोरेटरमध्येच. ठिणगी बघताना मात्र प्लगचा धातू इंजिनाला घट्ट टेकवा, हवेत लोंबकळत ठेवून ओढलं तर सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतो, आणि शेजारी पेट्रोलचा डबा उघडा नको.

पेट्रोलवर जरा जास्त बोलतो कारण हल्ली खरी बोंब तिथेच आहे. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल, ते दमट हवेतलं पाणी खेचतं, आणि पाणी पुरेसं झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथे पाइपचं तोंड असतं. शंका असेल तर काचेच्या बाटलीत तळातलं पेट्रोल काढून थोडा वेळ ठेवा, दोन थर दिसले की ते गेलं, नवीन ऑइल ओतून ते सुधारत नाही. पावसाळाभरचं मिक्स तर वापरूच नका. ऑइलचं प्रमाण आपल्या मशीनच्या पुस्तकात बघा, ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मिली. "थोडं जास्त टाकलं तर बरंच" असं म्हणणाऱ्यांचेच प्लग काळे होतात.

चोकवर चालतं आणि चोक काढला की मरतं? पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं बारीक भोकाचं पितळी तोंड, तुंबलंय. मशीन ठेवताना बाऊलच्या (कार्बोरेटरखालच्या वाटीच्या) खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काढलं नाही तर ते सुकून चिकट राळ होते. जेट स्प्रे आणि हवेने साफ करा, तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मशीन कायम जास्त पेट्रोल ओढणार.

मशीन रॉकेलवर चालवणाऱ्यांना एकच: बंद करण्याआधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवा. रॉकेल बाऊलमध्ये राहिलं तर थंड मशीन ते पेटवत नाही.

चालू करून बघायचं तर ड्रमभर पाण्यात, कोरड्यावर नको, इंपेलरचं (मशीन थंड ठेवायला पाणी ओढणाऱ्या चक्रीचं) रबर लगेच जळतं. आणि एवढं सगळं करूनही दोरी पूर्वीपेक्षा हलकी लागत असेल तर कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावा, दोन सिलिंडरमध्ये १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर कार्बोरेटर कितीही धुवा उपयोग नाही, रिंगांचा खर्च आहेच.