‘कति दिन बस्ने?’ : नेपाळमधल्या बालगृहात जाण्याआधी

बालगृहाच्या दारात चपला काढत होते, तेवढ्यात सात-आठ वर्षांचा एक मुलगा समोर येऊन उभा राहिला. नाव वगैरे काही नाही, थेट प्रश्न : "मिस, कति दिन बस्ने?" किती दिवस राहणार? मी थोड्या अभिमानानंच सांगितलं, तीन महिने. त्यानं ‘बरं’ अशी मान हलवली आणि खेळायला निघून गेला. मला ते गोड वाटलं होतं. असा प्रश्न त्या वयाच्या मुलाला सुचावाच का, हे माझ्या डोक्यात यायला बरेच दिवस गेले.

हे लिहिते आहे ते एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या किंवा नुकतंच संपवलेल्या मुलामुलींसाठी. अधूनमधून कोणीतरी विचारतंच, "ताई, परदेशात अनाथाश्रमात काम करायचंय, कुठे जाऊ?" माझं उत्तर ‘जाऊ नका’ असं नाही. पण ‘कुठे जाऊ’ या प्रश्नाच्या आधी दोन-तीन प्रश्न येतात, आणि ते मला कोणी विचारले नव्हते.

२०१७ चा ऑगस्ट होता. काठमांडू खोऱ्यात ललितपूरच्या कडेला भाड्याचं तीन मजली घर, चोवीस मुलं, त्यांना सांभाळणाऱ्या तीन दिदी आणि एक स्वयंपाकीण. भूकंप होऊन दोन वर्षं उलटली होती, तरी गल्लीतल्या दोन घरांना अजून लाकडी टेकू लावलेले. एका एजन्सीमार्फत गेले होते. तिनं माझ्याकडून आठवड्याच्या हिशेबानं पैसे घेतले, पण माझं पदवी प्रमाणपत्र मागितलं नाही, पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला नाही, संदर्भासाठी कुणाचा फोन नंबरही नाही. कागदपत्रांची कटकट नाही म्हणून मी खूश झाले होते! आज हीच माझी पहिली कसोटी आहे. जिथे तुमची चौकशी होत नाही, तिथे तुमच्या आधी आलेल्याचीही झाली नव्हती आणि नंतर येणाऱ्याचीही होणार नाही. चोवीस मुलं झोपतात त्या घरात.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आपल्या वयाच्या लोकांचं आधार कार्ड चालत नाही. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी होतात. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. मी होते तेव्हा सुट्टी शनिवारी असायची, रविवारी शाळा. इतर देशांच्या लोकांना पर्यटक व्हिसावर असं काम बिनपगारी असलं तरी करता येत नाही. आपल्याला व्हिसाच नाही, त्यामुळे अडवून विचारणारंही कोणी नसतं. ही सोय आहे तशीच ती पळवाटही आहे.

भाषेची भीती बाळगू नका, लिपी आपलीच आहे. मात्र ओळखीचे शब्द फसवतात. पहिल्याच आठवड्यात दिदी म्हणाली, "घाम लाग्यो," आणि मी ओढणीनं कपाळ पुसलं. तिथे घाम म्हणजे ऊन. आणि ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. त्या शब्दाकडे परत येते.

दिवस पहाटे सुरू व्हायचा. चहा, अभ्यास, नऊ-साडेनऊला पोटभर डाळ-भात, मग शाळा. संध्याकाळी मुलं परत आली की माझा इंग्रजीचा वर्ग. मी चित्रांची कार्डं घेऊन गेले होते : फळं, रंग, प्राणी. पहिल्याच दिवशी एका मुलीनं मला थांबवलं. "मिस, फ्रूट्स झालं. सगळ्या मिस फ्रूट्सच शिकवतात." प्रत्येक नवा स्वयंसेवक सफरचंदापासून सुरू करायचा आणि द्राक्षांपर्यंत पोचेस्तोवर त्याची परतीची तारीख यायची. त्या मुलांना इंग्रजीतली बारा फळं चार देशांच्या उच्चारांत येत होती, आणि पाचवीतल्या मुलाला भागाकार येत नव्हता.

दुसरी गोष्ट मांडीची. गेल्या गेल्या एक लहान मुलगी धावत येऊन माझ्या मांडीवर बसली, गळ्यात हात टाकले. डोळे भरून आले माझे. रात्री घरी फोन करून हेच सांगितलं. थोड्या दिवसांनी मोठ्या दिदीनं मला बाजूला घेतलं. बावीस वर्षं मुलं सांभाळणारी बाई, शाळा आठवीपर्यंत. म्हणाली, जे मूल नव्या माणसाकडे दहा दिवस लांबून बघतं, त्याची मला चिंता नसते. जे कोणाच्याही मांडीवर जातं, त्याच्यावर मी डोळा ठेवते. मी हे अभ्यासक्रमात वाचलं होतं हो! बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेला तो प्रसिद्ध अभ्यास : संस्थांमधली १३६ बाळं, त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी फॉस्टर, म्हणजे मूल तात्पुरतं सांभाळणाऱ्या, कुटुंबांत पाठवलेली, आणि मग वर्षानुवर्षं दोन्ही गटांचा मागोवा. अनोळखी माणसाशी बिनदिक्कत लगट हे संस्थेत वाढलेल्या मुलांचं ठळक लक्षण म्हणून त्यात नोंदलेलं आहे. परीक्षेत त्यावर उत्तर लिहून मार्क मिळवले होते. मांडीवर बसलेलं मूल मात्र मला माझ्या चांगुलपणाची पावती वाटलं.

सप्टेंबरअखेर दशैं, म्हणजे तिथला दसरा, आला, आणि माझा खरा अभ्यास तिथून सुरू झाला. दशैंत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातून टीका, म्हणजे कपाळाला टिळा, घ्यायची असते, म्हणून माणूस कुठेही असला तरी घराकडे निघतो. बालगृहातही पिशव्या भरल्या जाऊ लागल्या. मला वाटलं सहल आहे. मग एकेक माणूस येऊ लागला : नुवाकोटहून वडील, धादिङहून काका, सिन्धुपाल्चोकहून एक आई, पाठीवर धाकटं बाळ बांधलेलं. चोवीसपैकी सतरा मुलं दोन दिवसांत घरी गेली. अनाथाश्रमातली मुलं सणाला आई-बापांकडे! मी रोज रात्री डायरीत ‘ही अनाथ लेकरं’ असं लिहीत होते.

उरलेल्या सातांपैकी बहुतेक हुम्लाची. हुम्ला म्हणजे नेपाळच्या वायव्येकडच्या कर्णाली भागाचा पार वरचा कोपरा. तेव्हा तिथे जायचं तर विमानानं किंवा कित्येक दिवस पायी, तिकिटाचे पैसे कोण देणार? त्यांना दिदीनंच टीका लावली. जाणारी मुलं बससाठी पळत होती तेव्हा हे सात जण गच्चीवर पतंग उडवत होते आणि एकानंही खाली वाकून बघितलं नाही.

मुलीला न्यायला आलेल्या नुवाकोटच्या त्या वडिलांनी मक्याची एक पिशवी आणली होती. जमिनीवर उकिडवे बसून चहा प्यायले. मी मोडक्या नेपाळीत विचारलं, मुलीला इथे का ठेवलंत? ते म्हणाले, "राम्रो शिक्षाको लागि." चांगल्या शिक्षणासाठी. अर्थ मला कळला, पण कान मराठी. ‘शिक्षा’ हा शब्द आधी आपल्याच अर्थानं आत गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. तिची आई होती, वडील होते, आजी होती, चार शेळ्या होत्या. गावात नव्हती ती बरी शाळा.

नंतर दिदीकडून आणि थोडं वाचून जे समजलं ते असं. १९९६ ते २००६ च्या माओवादी संघर्षात डोंगराळ भागातल्या आई-बापांना भीती असायची की पोरं लढायला नेतील. दलाल यायचे, पैसे घ्यायचे आणि ‘काठमांडूत बोर्डिंग शाळा’ असं सांगून मुलं घेऊन जायचे. त्यातली कित्येक बालगृहांत अनाथ म्हणून नोंदली गेली. संघर्ष संपला, पण ही वाट मोडली नाही. मी गेले त्या काळात सांगितला जाणारा युनिसेफचा आकडा असा होता की नेपाळच्या बालगृहांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांच्या आई-वडिलांपैकी किमान एक जण हयात आहे. आणि तेव्हाच्या ७५ जिल्ह्यांपैकी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचांतच जवळजवळ ९० टक्के बालगृहं. नकाशा आठवा. गरिबी कर्णालीत, बालगृहं पर्यटक फिरतात तिथे. म्हणजे मुलं आहेत म्हणून आपण जातो असंच फक्त नाही. आपण जातो, पैसे देतो, म्हणूनही मुलं आणली जातात. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर सरकारनं नव्या बालगृहांची नोंदणी आणि परदेशी दत्तक थांबवलं, कागदपत्रांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली, ती याच भीतीनं. २०१८ च्या बालबालिका कायद्यात पर्यायी संगोपनाच्या क्रमात नातेवाईक आधी येतात आणि बालगृह शेवटी.

मी होते ते घर त्या वाईट घरांपैकी नव्हतं, हेही सांगायला हवं. मुलांना मार नव्हता, जेवण भरपूर होतं, दिदी सोन्यासारख्या होत्या. चांगल्या घरातही प्रश्न तोच राहतो, एवढंच.

दशैंनंतर मी वर्ग बंद केला. करायचं काय, हे मोठ्या दिदीला विचारलं. खरं तर हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. तिनं लोखंडी कपाट उघडलं. चोवीस फायली, काही रिकाम्याच. कुठे जन्मदर्ता (जन्मनोंदणीचा दाखला) नाही, कुठे वडा कार्यालयाचं, म्हणजे वॉर्ड ऑफिसचं, सिफारिस (शिफारस) पत्र नाही. जन्मतारखांचा तर पुरता गोंधळ : खरी तारीख विक्रम संवतातली आणि आधीच्या कुणा स्वयंसेवकानं मनानं इंग्रजी करून लिहिलेली. सरसकट ५७ वजा केले की वर्षाचे शेवटचे महिने चुकतात, कारण तिथलं नवं वर्ष एप्रिलच्या मध्यात लागतं. २०६३ च्या माघात जन्मलेली मुलगी २००६ ची नव्हे, २००७ ची. एका मुलाच्या तीन कागदांवर तीन वयं होती. सोळाव्या वर्षी नागरिकता, म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, काढायची वेळ येते तेव्हा हे कागद आणि आई-बाप सापडले नाहीत, तर त्या मुलाला पुढे नोकरीपासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळीकडे अडतं. उरलेले सहा आठवडे मी हेच केलं. दिदी फोन करायची, मी नोंदवायचे. कोणाचे वडील कतारला, कोणाची आई दुसरं लग्न करून गेलेली, पण मामा आहे आणि मामा विचारतो आहे. मुलांशी माझं बोलणं जेवताना व्हायचं तेवढंच. दुपारी धाकट्या दिदीला संगणकावर तक्ता भरायला शिकवलं. दहावीच्या दोघांना एसईई परीक्षेचं गणित शिकवलं, कारण त्यांनी स्वतः येऊन मागितलं.

कंटाळवाणं काम होतं, फोटो काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. फोटोंवरून आठवलं : मुलांचे चेहरे स्वतःच्या खात्यावर टाकू नका, कोणी कितीही हसून पोज देवो. चॉकलेटं नेऊ नका. मी नेली होती, दोन दिवस त्यावरून मारामाऱ्या झाल्या आणि दिदींची शिस्त मोडली. उवांसाठी बारीक फणी मात्र न्या, स्वतःसाठी.

तर जाण्याआधी संस्थेला हे विचारा. किती मुलांचे पालक हयात आहेत, आणि त्यांच्याशी शेवटचा संपर्क कधी झाला? वर्षभरात किती मुलं घरी परत गेली? दिदींना पगार किती आणि त्या किती वर्षं टिकून आहेत? मी दिलेल्या पैशातले त्यांच्यापर्यंत किती पोचतात? उत्तर देताना समोरचा अडखळला तर फार काही नाही. हे प्रश्न विचारल्याबद्दल चिडला तर जाऊ नका. आणि दोन आठवड्यांची सुट्टी असेल तर त्या दोन आठवड्यांत नेपाळ बघा. सुंदर देश आहे, हॉटेलात राहा, पैसे खर्च करा, त्यानं कोणाचं नुकसान होत नाही.

करिअरचं म्हणाल तर ‘परदेशात अनाथ मुलांसोबत काम’ ही ओळ बायोडेटात मी हौसेनं लिहिली होती. बालसंरक्षणातल्या पहिल्याच मुलाखतीत समोरच्या बाईंनी ती वाचली आणि विचारलं, "तुम्ही निघाल्यावर त्या कामाचं काय झालं?" वर्गाबद्दल मला काहीच सांगता येईना. फायलींबद्दल वीस मिनिटं बोलले. घरभेट, कुटुंबाचा शोध, केस फाइल, वंशावळीचा तक्ता : वर्गात झोप आणणारे हे विषय. जायच्या आधी ते नीट करा, आणि ते काम आधी आपल्या भाषेत, कुणाच्या तरी देखरेखीखाली करून बघा. परक्या देशातल्या मुलावर पहिला हात साफ करू नका.

निघायची तारीख मी तीन आठवडे आधी सांगितली आणि कॅलेंडरवर खूण केली. गाणी, हार, रडारड असा निरोप समारंभ नको म्हणून विनंती केली. पहिल्या दिवशीचा तो मुलगा रोज खुणेपर्यंतचे चौकोन मोजायचा. आदल्या संध्याकाळी त्यानं सांगितलं, "भोलि." उद्या. आणि लगेच, "त्यानंतर कोण येणार?" कोणी येऊ नये अशी माझी इच्छा होती, पण सोमवारी दोघं जण यायचे ठरलेले होते. तसं सांगितलं. "कति दिन?" त्यानं विचारलं. दोन आठवडे, मी म्हटलं.

पुढच्या वर्षी दिदीचा फोन आला. नुवाकोटची मुलगी घरी परतली, गावापासून तासाभराच्या शाळेत जाते, फी काही काळ बालगृह भरणार आहे. जाताना फाइल वडिलांच्या हाती दिली, म्हणाली. जन्मदर्ता वरच लावली होती.