रामनवमीला शिडाच्या होडीतून: उन्हाळ्याचं स्वागत मुंबईच्या बंदरात

फाल्गुन सरत आला की मुंबईच्या बंदरातला वारा बदलतो. सकाळचा मतलई वारा नऊ-दहापर्यंत पडतो, मग तास-दोन तास नुसती तगमग होते, आणि दुपारी एकच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुटतो. तीन ते पाच या वेळात तो भरात असतो. साधारण दहा ते पंधरा नॉट, म्हणजे शीड टम्म फुगवणारा पण माणसाला न घाबरवणारा. सूर्य कलला की तो मंदावतो. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला धावते. शाळेत शिकलेला हा धडा मार्च-एप्रिलमध्ये रोज दुपारी गेटवेसमोर खरा होताना दिसतो.

उन्हाळ्याची सुरुवात पाण्यावर करायची रीत आपल्या किनाऱ्याला नवी नाही. कित्येक कोळीवाड्यांत शिमग्याला होड्या पताकांनी सजतात, त्यांची पूजा होते आणि घरची बायकामाणसं, पोरंटोरं त्यात बसून समुद्रात फेरी मारतात. ज्यांच्या घरी होडी नाही त्यांनाही हा आनंद घेता येतो. गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरातून शिडाच्या होड्या चालकासकट तासावर भाड्याने मिळतात. आपल्याला होडी चालवता यायची अट नाही. लागते ती थोडी तयारी, आणि त्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवसाची निवड.

आधी तिथी, मग तारीख

बहुतेक जण रविवार ठरवतात आणि मग होडी शोधतात. मी म्हणेन, आधी भिंतीवरचं कॅलेंडर उघडून तिथी बघा. मुंबईच्या समुद्रात पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे उधाणाला, हा फरक चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत, म्हणजे भांगाला, तो जेमतेम दीड-दोन मीटर असतो. उधाणाला प्रवाहाला जोर असतो, भांगाला पाणी शांत असतं. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर भांगाचेच दिवस धरावेत.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, दशमीला साडेसातला. पौर्णिमेनंतर वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून नक्की वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरून किंवा मोबाइलवरून पडताळून घ्या. पण महिनाभर आधी बेत आखायला पाऊणपट पुरते.

आता हा हिशेब सणांना लावून बघा. होळी पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आत-बाहेर, म्हणजे संध्याकाळी पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची. गुढीपाडव्याला प्रतिपदा, म्हणजे संध्याकाळी तीच गत. आणि रामनवमी? नवाची पाऊणपट पावणेसात. संध्याकाळी पावणेसातला भरती, दिवस भांगाचा, सुट्टीही असते, आणि सूर्यही त्याच सुमाराला मावळतो. दुपारभर पाणी हळूहळू चढत राहतं. याचा मोठा फायदा असा की वारा अचानक पडलाच तर भरतीचा संथ ओघ होडीला बंदराच्या आतल्या बाजूला नेतो, बाहेर खुल्या समुद्राकडे नाही. शिवाय परत येताना धक्क्याच्या बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली गेलेल्या असतात, त्यामुळे शेवाळलेल्या खालच्या पायऱ्यांवर आजीला पाय ठेवावा लागत नाही. मुंबईकर कुटुंबासाठी उन्हाळ्याच्या सुरुवातीला रामनवमीहून चांगला दिवस मला तरी सापडलेला नाही.

मुलांच्या परीक्षा आटोपल्या नसतील तर चैत्र वद्य सप्तमी ते दशमी धरा, तेव्हाही पाणी असंच वागतं. मेच्या शेवटापर्यंत दर पंधरवड्यात असे तीन-चार दिवस येतात. मात्र मे उतरणीला लागला की नैर्ऋत्येची लाट जाणवू लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तोवर थांबू नये.

होडी ठरवताना

गेटवेच्या बाजूला भाड्याने मिळणाऱ्या होड्यांत जे-२४ नावाची होडी तुम्हाला भेटण्याची शक्यता आहे. चोवीस फूट लांब, दोन शिडांची. पोटाखाली चारशे किलोंहून जास्त शिसं असलेलं, माशाच्या परासारखं जड पातं असतं. वाऱ्याने होडी कलते तेव्हा हाच भार तिला सरळ करतो. ही माहिती घरातल्या घाबरट माणसाला आधीच सांगून ठेवा, कारण पहिल्यांदा होडी कलते तेव्हा ती उलटणार असंच वाटतं.

अशा होडीत चालक धरून पाच-सहा माणसंच आरामात मावतात. दोन कुटुंबं असाल तर सगळ्यांना एकीत कोंबू नका, दोन होड्या घ्या. थोडा खर्च वाढतो, पण दोन शिडं शेजारी-शेजारी धावू लागली की आपोआप शर्यत लागते आणि तीच नंतर वर्षभर आठवते.

फोनवर हे विचारून घ्या: होडीची महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे नोंदणी आहे का, किती माणसांची परवानगी आहे, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत का, वारा पडला तर परतायला छोटं इंजिन आहे का. भाडं होडीचं की माणशी, आणि धक्क्यापासून होडीपर्यंत नेणाऱ्या छोट्या नावेचे पैसे त्यात धरलेत का, हेही विचारा, कारण शिडाच्या होड्या धक्क्याला लागून नसतात, आत पाण्यात बांधलेल्या असतात. नेमक्या कुठल्या धक्क्यावरून चढायचं ते ठरवून घ्या, सुट्टीच्या दिवशी गेटवेच्या गर्दीत शोधाशोध नको. आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा: आम्हाला सुकाणू धरू द्याल का? हो म्हणणारा चालक निवडा.

जॅकेटबद्दल तडजोड करू नका. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकली, तेव्हा अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. पोहता येणाऱ्यानेही ते घालायचं, पट्टे आवळायचे. मुलाच्या जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघा. ते कानापर्यंत सरकलं तर माप मोठं आहे, दुसरं मागा.

अंगावर काय, पिशवीत काय

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रबरी तळव्याचे बूट, दोरी असलेली टोपी. ऊन वरून लागतं तसंच पाण्यावरूनही परावर्तित होऊन लागतं, म्हणून हनुवटीखाली आणि कानामागेही सनस्क्रीन लावा. ओढणी घरी ठेवा, लांब केस बांधा, कारण होडीवर दोऱ्या आणि कप्प्या सतत फिरत असतात. साडी नेसायचीच असेल तर काष्ट्याची नेसा आणि पदर खोचून घ्या. मोबाइल गळ्यात अडकवायच्या जलरोधक पिशवीत ठेवा. ओळखपत्र जवळ असू द्या.

जेवण हलकं करा. बोट लागण्याची भीती असेल त्यांनी रिकाम्या पोटीही जाऊ नये आणि तळकट खाऊनही जाऊ नये. रामनवमीचा सुंठवडा इथे कामाला येतो: बाराला रामजन्म झाला की प्रसाद घ्या आणि थोडा डबीत भरून बरोबर न्या. मळमळीला सुंठ बरी पडते. सुंठवडा नसेल तर आल्याची वडी. फार त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्यावी. होडीवर मळमळू लागलं तर मान खाली घालून मोबाइल बघू नका, दूर क्षितिजाकडे किंवा किनाऱ्याकडे बघा आणि सुकाणू मागून घ्या. जो होडी चालवतो त्याला ती सहसा लागत नाही.

पिशवीत कोकम सरबत किंवा पन्हं, भरपूर पाणी, द्राक्षं, काकडी, आणि उपास असेल त्यांच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू. काचेची बाटली नको. उडून जाईल असं कुठलंही प्लॅस्टिक नको. वेष्टनं घरीच काढून सगळं डब्यात भरा.

आणि हो, एवढ्या होडीवर शौचालय नसतं. सगळ्यांना, मुलांना विशेष करून, आधीच जाऊन यायला लावा.

पाण्यावर

साडेतीनला गेटवे गाठा, चारला होडीत बसा. छोट्या नावेतून होडीत चढताना एका वेळी एकच माणूस, दोन्ही हात रिकामे. पिशवी नंतर कोणीतरी हातात देईल. दोन्ही नावांच्या कडांमध्ये बोटं कधीही ठेवू नका. हाताची बोटं चिरडू शकतात, म्हणून मुलांना हे दोनदा सांगा. आजी-आजोबांना मधल्या खोलगट जागेत, डोलकाठीकडे पाठ करून बसवा.

मोठ्या शिडाच्या तळाशी आडवा दांडा असतो, त्याला बूम म्हणतात. होडी वळली की तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपकन जातो. चालक ओरडला की डोकं खाली. निघण्याआधी दोन वेळा तालीम करून घ्या, मुलांना त्यातही मजा येते.

मग कामं वाटून घ्या. पुढच्या शिडाला दोन दोऱ्या असतात, डावी आणि उजवी. एकेक दोरी एकेकाकडे द्या. वळताना एकाने सोडायची, दुसऱ्याने ओढायची. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. मोठ्यांचा यात बराच वेळ गोंधळ उडतो, दहा-बारा वर्षांची मुलं पाच मिनिटांत शिकतात. वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. तिकडे जायचं तर नागमोडी जावं लागतं, एकदा डावीकडे तिरपं, एकदा उजवीकडे तिरपं. शीड फडफडू लागलं म्हणजे तुम्ही वाऱ्याच्या फार तोंडावर आलात.

गेटवेसमोर शिकण्याची सोय निसर्गानेच केली आहे. वारा कुलाब्याच्या चिंचोळ्या जमिनीवरून येतो, त्यामुळे त्याला लाटा उठवायला लांबच लांब पाणी मिळत नाही. वारा भरपूर, लाट छोटी. किनाऱ्याजवळ इमारतींच्या फटींतून तो झोताझोताने येतो, थोडं बाहेर गेलं की एकसारखा होतो.

वायव्येचा वारा असताना पूर्वेला, नांगर टाकलेल्या जहाजांच्या दिशेने जाणं सोपं असतं, वारा पाठीशी असतो. परत येताना तोच वारा तोंडावर. जायला अर्धा तास लागला तर यायला पाऊण तास किंवा जास्तही लागेल. म्हणून ठरलेल्या वेळेच्या निम्म्याच्या आतच तोंड फिरवा. दोन तास घेतले असतील तर पाऊण तासाने वळा.

वाटेत मिडल ग्राउंडचा छोटा दगडी किल्ला दिसेल. तो नौदलाचा आहे, लांबूनच बघायचा. जवाहर द्वीपावर तेलाचा धक्का आहे, तिथेही जवळ जाता येत नाही. नौदलाच्या गोदीकडे आणि युद्धनौकांकडे कॅमेरा रोखू नका. घारापुरीच्या लाँच सतत ये-जा करतात. त्यांची लाट आली की होडीचं नाक तिच्याकडे तिरपं करून घ्यायचं, चालक ते करेलच, तुम्ही फक्त काहीतरी घट्ट धरा. मोठ्या जहाजाच्या वाटेत कधी जायचं नाही. ते चटकन थांबू शकत नाही.

कोणी पाण्यात पडलंच तर मागून उडी मारायची नाही. जवळचं तरंगतं कडं फेका, एकाने सतत त्या माणसाकडे बोट दाखवत राहायचं, नजर हटवायची नाही, बाकी काम चालकाचं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ घरून निघतानाच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

पाचच्या सुमारास, वारा भरात असताना, सुकाणू मुलाच्या हातात द्या. चालक शेजारी असतोच. त्याला किंवा तिला सांगा की कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० च्या मे महिन्यात याच मुंबईत परतले, आणि असं करणारे ते पहिले भारतीय. हातात दांडा असताना ऐकलेली ही गोष्ट वेगळीच भिनते.

सव्वासहापर्यंत होडी जागेवर आणा. मुंबईत सूर्य शहराच्या मागे, ताजच्या घुमटापलीकडे उतरतो, तो बघायला बांधलेल्या होडीतली दहा मिनिटं पुरेशी आहेत. अंधारात पायऱ्या चढायला लागू नयेत.

मुलाला गोडी लागली तर

त्याच आठवड्यात चौकशी करा. लहान मुलं ऑप्टिमिस्ट नावाच्या होडीवर शिकतात: जेमतेम २.३ मीटर लांब, एक शीड, एक मूल. तिच्या शर्यती १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतात, म्हणून आठ-नऊव्या वर्षी सुरुवात केलेली बरी. पोहता येणं आवश्यक आहे, ते नसेल तर आधी तलाव गाठा. प्रवेश मे संपायच्या आत विचारा. पावसाळ्यात मुंबईच्या बंदरातलं हे शिडकाम बंद असतं, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या जातात, आणि पुन्हा पाण्यात उतरतात त्या पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास.